निरंक म्हणजे किती?

लहान मुलाला लाडानं ‘नॉटी’ म्हणायची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की हा शब्द मराठीतच जन्मला असावा असं वाटतं. पोरगं सोफ्यावरून उडी मारतं, पाहुण्यांच्या चष्म्याला हात घालतं, आणि आई कौतुकानं म्हणते, ‘फार नॉटी आहे हो!’ या शब्दाचं मूळ मात्र कौतुकाचं नाही. इंग्रजीत ‘काहीही नाही’ या अर्थाचा एक जुना शब्द आहे, ‘नॉट’. नकारासाठी आपण रोज वापरतो त्या ‘नॉट’चं स्पेलिंग वेगळं. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात, आणि ते बरोबरही आहे, कारण रोजचा ‘नॉट’ हा त्या जुन्या ‘नॉट’चाच झिजून लहान झालेला अवतार आहे.

त्याचं हजारेक वर्षांपूर्वीचं रूप साधारण ‘नाविह्त’ असं होतं. ‘ना’चा अर्थ सांगायला नको. ‘विह्त’ म्हणजे वस्तू, पण जिवंत प्राणीसुद्धा. पुढे याच ‘विह्त’चं ‘वाइट’ झालं, आणि जुन्या इंग्रजी साहित्यात ‘वाइट’ म्हणजे जीव, माणूस. म्हणजे ‘काही नाही’ म्हणायला त्या लोकांनी जो शब्द घडवला, त्यात ‘एकही जीव नाही’ हा अर्थही दडलेला होता. उत्तर इंग्लंडमध्ये आजही लोक त्याचं ‘नाउट’ हे रूप बोलतात.

आता ‘नॉटी’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द दिसू लागतो तेव्हा त्याचा अर्थ होता ‘ज्याच्याकडे काही नाही असा’, म्हणजे गरीब, गरजू. थोड्याच काळात तो ‘दुष्ट, पापी’ या अर्थानं वापरात आला. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये खाण्यालायक नसलेल्या सडक्या अंजिरांनाही ‘नॉटी’ म्हटलं आहे. सतराव्या शतकात तो मुलांच्या खोडकरपणाला चिकटला आणि तिथेच गोड होऊन बसला. एका शब्दाचा हा प्रवास पाहा: ज्याच्याकडे काही नाही तो, मग जो वाईट आहे तो, मग ज्याला दटावायचं तो. मधल्या काळात गरिबांनी काय गुन्हा केला होता, याची नोंद शब्दकोशात नसते.

इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपण पडेल सिनेमाला ‘भिकार’ म्हणतो, शेजाऱ्याला ‘दरिद्री’ म्हणतो, आणि या दोन्ही वेळा कोणाच्या खिशाची चौकशी केलेली नसते. ‘दळभद्री’चंही तेच. फारसीतून आलेला ‘नादार’ तर ‘नॉटी’चा सख्खा भाऊ शोभेल: ‘ना’ आणि ‘दार’, म्हणजे न बाळगणारा, ज्याच्याकडे नाही तो. जुन्या पिढीतल्या गरीब विद्यार्थ्यांना शाळेत ‘नादारी’ मिळायची, म्हणजे फी माफ व्हायची. त्या काळच्या आठवणी कुणी सांगू लागलं तर फी माफ झाल्याच्या आनंदापेक्षा नादारीचा अर्ज करताना वाटलेली लाज जास्त ऐकू येते. आज तोच शब्द बँकांच्या थकबाकीच्या कायद्यात ‘नादारी आणि दिवाळखोरी’ असा बसला आहे, आणि तिथे हजारो कोटी बुडवणारा फारसा लाजतो असं दिसत नाही.

हे सगळं मला आठवायचं कारण जव्हार आणि मोखाडा. मुंबईहून निघालं तर जव्हार दीडशे किलोमीटरच्या आत आहे. मुकणे घराण्याचं जुनं संस्थान, जयविलास राजवाडा, पावसाळ्यात धुकं, म्हणून पर्यटक त्याला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणत आले. जिल्हा आता पालघर. १ ऑगस्ट २०१४ ला तो ठाण्यातून वेगळा झाला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचा हा मुलूख. डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकते, बोहाड्याला देवदेवतांचे मुखवटे नाचतात, तारपा वाजतो. तरी या भागात बदली झालेल्या कर्मचाऱ्याला विचारा, ‘तिकडे काय आहे?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: ‘काही नाही हो तिकडे.’

शासकीय कागदांत ‘काही नाही’ला एक खास शब्द आहे. निरंक. शाळेत कुणी शिकवत नाही, बोलण्यात कुणी वापरत नाही, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यालयात आठवडाभर बसलात तर हा शब्द भेटतोच. तक्रारी किती? निरंक. अपघात किती? निरंक. निर् अधिक अंक, ज्यात आकडा नाही ते. शून्य लिहिलं तर नंतर कुणी त्याच्या मागे एखादा आकडा घुसडेल, रकाना कोरा ठेवला तर भरायचा राहिला असं वाटेल. म्हणून पूर्ण शब्द लिहायचा. सोय म्हणून चांगलीच आहे. अडचण होते ती रकान्याचं शीर्षक ‘कुपोषणामुळे झालेले बालमृत्यू’ असं असलं की.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलं एकामागून एक दगावली आणि महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं की राजधानीपासून तीन-चार तासांवर उपासमारीच्या काठावर माणसं राहतात. ‘कुपोषण’ हा पाठ्यपुस्तकी शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला तो मुख्यतः तेव्हा. मंत्री आले, योजना आल्या. २०१६ साली पुन्हा मोखाडा बातम्यांत होतं. पालघर जिल्ह्यात वर्षभरात सुमारे ६०० बालमृत्यू झाल्याच्या बातम्यांवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं राज्य सरकारला नोटीस पाठवली. दोन्ही वेळी एक वाद सारखाच झाला. मुलं गेली, हे कुणी नाकारत नव्हतं. ती कशानं गेली, यावर भांडण होतं. न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, ताप. यातलं एकही कारण खोटं नाही. आणि या सगळ्यांची यादी करून झाली की कुपोषणाच्या रकान्यात लिहायला काही उरत नाही.

ही निव्वळ लबाडी आहे असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण गोष्ट इतकी सोपी नाही. भूक सहसा स्वतःच्या हातानं मारत नाही. ती शरीराची दारं उघडी टाकते, आणि आत शिरणारा जंतू दुसराच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालच्या मुलांचे जे मृत्यू होतात, त्यांपैकी जवळपास निम्म्यांमागे अपुरं पोषण असतं. मागे असतं, शेवटच्या क्षणाचं कारण म्हणून पुढे नसतं. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यात खरं तर याची सोय आहे. तात्काळ कारण, त्याच्या मागचं कारण, सगळ्याच्या मुळाशी असलेलं कारण, असे टप्पे त्यात असतात. डॉक्टरनं तळाच्या ओळीपर्यंत जाऊन लिहिलं तर भूक कागदावर येते. पण पाड्यावर घरातच गेलेल्या मुलाजवळ डॉक्टर नसतो, आणि रुग्णालयात रात्रपाळीला असलेला डॉक्टर पहिली ओळ भरून पुढच्या रुग्णाकडे वळतो. अहवाल त्यावरून बनतो, बेरीज त्यावरून होते, आणि वरच्या टेबलावर पोचेपर्यंत ते ‘निरंक’ प्रामाणिक माणसांच्या हातांनीच तयार झालेलं असतं.

मग प्रश्न उरतो तो नीतीचा: ‘नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणाला, आणि कधी?

या प्रश्नावर आपल्याकडच्या जुन्या तार्किकांनी जितका खल केला आहे तितका क्वचित कुठे झाला असेल. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? घडा असता तर दिसला असता; घड्याचं नसणं डोळ्यांना कसं दिसेल? न्याय-वैशेषिकांनी तर अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला. मीमांसकांतले प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, अभाव वगैरे काही नसतं, नुसती जमीन असते, ती तुम्ही पाहता एवढंच. कुमारिल भट्टांच्या परंपरेनं तिसरी वाट धरली. अभाव कळतो, आणि तो कळण्याचं वेगळं साधन आहे, अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. पण त्या परंपरेत एक अट काटेकोरपणे घातली जाते. नुसतं न आढळणं पुरत नाही, ते ‘योग्य’ न आढळणं असलं पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. तिथे घडा असता तर मला नक्की दिसला असता, इतका उजेड असला पाहिजे, इतकी माझी नजर चांगली असली पाहिजे, आणि मी त्या दिशेला पाहिलेलं असलं पाहिजे. या अटी पूर्ण झाल्या तरच ‘नाही’ हे ज्ञान. एरवी तो अंधारातला अंदाज.

त्या जुन्या पंडितांना अंगणवाडीचं रजिस्टर माहीत नव्हतं, पण त्यांची अट तिथे चपखल बसते. भुकेनं झालेला मृत्यू असता तर तो या नोंदवहीत दिसला असता का? दाखला देणारा डॉक्टर पाड्यापर्यंत पोचला असता का? नदीला पूर असताना, रस्ता नसल्यामुळे बाळंतिणीला डोलीत घालून न्यावं लागतं अशा ठिकाणी, वजनकाटा महिन्याच्या महिन्याला पोचला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर कागदावरच्या ‘निरंक’ला कुमारिलांच्या शाळेत ज्ञान म्हणून प्रवेश मिळत नाही.

नैयायिकांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते म्हणतात, नुसता अभाव असा नसतोच. प्रत्येक अभावाला त्याचा ‘प्रतियोगी’ असतो, म्हणजे जे नाही ते काय, हे सांगावं लागतं. आणि कुठे नाही, हेही. घड्याचा अभाव, या जमिनीवर. ‘काही नाही’ एवढंच बोलणं त्यांच्या लेखी अर्धं वाक्य आहे. शिवाय ते अभावाचे प्रकार करतात. जे अजून जन्मलेलंच नाही त्याचा अभाव निराळा, तो प्रागभाव. जे होतं आणि मोडलं त्याचा अभाव निराळा, तो प्रध्वंसाभाव. जे कधी नव्हतं आणि नसेल त्याचा अत्यंताभाव. आणि हे म्हणजे ते नव्हे, हा अन्योन्याभाव. आता ज्या घरातलं मूल गेलं त्या घरातला अभाव आणि ज्या घरात मूल कधी नव्हतंच तिथला अभाव, हे दोन्ही तालुक्याच्या तक्त्यात कसे दिसतात? सारखेच. मोडलेल्या घड्याची खापरं तक्त्यात मावत नाहीत.

बोलीभाषेत ती मावतात. आपला ‘सुनं’ हा शब्द ‘शून्य’ याच शब्दापासून झिजत आला आहे. तोच शून्य एकीकडे ब्रह्मगुप्ताच्या गणितात गेला, अरबांकडे ‘सिफ्र’ झाला, युरोपात ‘झीरो’ झाला. दुसरीकडे प्राकृतातून आपल्या ओसरीवर येऊन ‘सुनं’ झाला. गणितातल्या शून्याला कशाची आठवण नसते. ‘घर सुनं झालं’ म्हणताना मात्र कोण गेलं ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. एका शब्दाची ही दोन लेकरं इतकी वेगळी निघाली, याचं मला अजून नवल वाटतं.

मराठीत शून्याला आणखी एक नाव आहे, ‘पूज्य’. आजोबांच्या पिढीत पाढे म्हणताना, हिशेब सांगताना ‘एकावर पूज्य, दहा’ असं ऐकू यायचं. आज उरलंय ते टोमण्यात: ‘अक्कलेच्या नावानं पूज्य!’ नसणं हे तोंडानं उच्चारू नये, अशुभ असतं, या भीतीतून हे नाव आलं असावं असं मला वाटतं, कारण आपल्या घरांत ही रीत जागोजाग आहे. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. नारळही फोडत नाहीत, वाढवतात. डब्यातलं मीठ संपलं असेल तरी ‘संपलं’ म्हणत नाहीत. गरीब घरातल्या बाईनं रिकाम्या डब्याला ‘वाढलं’ म्हणणं यात एक मान आहे, नशिबाला दिलेलं उत्तर आहे. तिला ते शोभतं. कार्यालयानं तिच्या रिकाम्या डब्याला ‘निरंक’ म्हणणं शोभत नाही. वरवर पाहता दोघंही एकच करतात, नसण्याला सभ्य कपडे घालतात. पण ती आपल्या स्वतःच्या डब्याबद्दल बोलत असते.

गंमत म्हणजे त्याच कार्यालयात ‘नाही’साठी आणखी एक शब्द आहे आणि तो मात्र मोकळेपणानं लिहिला जातो: रिक्त. वैद्यकीय अधिकारी, पद रिक्त. पर्यवेक्षिका, पद रिक्त. आपल्याकडे माणूस नाही हे सांगताना प्रतियोगीही येतो, ठिकाणही येतं, सगळं न्यायशास्त्राप्रमाणे.

आणि ‘नॉटी’? तोही इथे येतो, दुसऱ्या दारानं. मृत्यूंवर चर्चा सुरू झाली की थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतंच: ‘पण हे लोकही लवकर लग्नं करतात ना, दवाखाना सोडून भगताकडे जातात, दारू पितात.’ यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं बाळ कमी वजनाचं असण्याची शक्यता जास्त, हे वैद्यकशास्त्र आहे. पण बोलण्याचा सूर ऐका. ज्याच्याकडे नाही, तोच दोषी, हे वळण आपण दोन वाक्यांत घेतो. इंग्रजीला त्यासाठी निदान काही दशकं लागली होती. भगत पाड्यावर राहतो आणि अर्ध्या रात्री दार उघडतो. दवाखान्याचं दार गाठायला गाडी लागते, गाडीला रस्ता लागतो. आणि वैतरणेवर बांधलेल्या धरणांतून मुंबईच्या नळांना पाणी मिळत असताना उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, तेव्हा पाणी नसण्यात त्या लोकांची कोणती खोडी आहे?

‘नाही’ हे योग्य रीतीनं म्हणणारी माणसंही महाराष्ट्रात झाली आहेत. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगावी आणि काही शहरी वस्त्यांत बालमृत्यू मोजले होते. पद्धत अगदी साधी: घरोघरी जायचं, जन्म आणि मृत्यू विचारायचे, मूल गेलं असेल तर आईशी बसून शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते ऐकायचं, आणि त्यावरून कारण ठरवायचं. सरकारी नोंदींपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यातून पुढे आलं. देशाच्या नमुना नोंदणी पद्धतीतही हाच शहाणपणा आहे. एक माणूस वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे तीच घरं फिरतो, आणि मग दोन्ही याद्या जुळवून पाहतात. पहिल्याचं ‘निरंक’ दुसऱ्यानं तपासल्याशिवाय मानायचं नाही. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

अंगणवाडी सेविकेबद्दल एक शब्द इथे बोलायलाच हवा, कारण शेवटी शाई तिच्या बोटांना लागते. तीव्र कुपोषित मुलांची संख्या तिनं खरी लिहिली तर वरून विचारणा होते, इतकी कशी वाढली? कमी लिहिली तर कुणी काही विचारत नाही. खरं बोलणाऱ्याला जाब आणि गप्प राहणाऱ्याला शांतता, अशी ज्या व्यवस्थेची रचना आहे, तिथे एकट्या सेविकेकडून सत्यनिष्ठेची अपेक्षा करणं मला न्यायाचं वाटत नाही. वाढलेला आकडा म्हणजे चांगलं शोधकाम, असं मानायला वरचे अधिकारी शिकले तर रकाना आपोआप बदलेल. माझी सूचना अगदी कारकुनी आहे. ‘निरंक’ऐवजी दोन पर्याय छापावेत: ‘पाहिलं, आढळलं नाही’ आणि ‘पाहिलेलं नाही’. कोणी पाहिलं, कोणत्या तारखेला, किती घरं, हे शेजारी. दुसऱ्या पर्यायावर खूण करणाऱ्याला शिक्षा नसावी.

असा तक्ता आला तर दुसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त खुणा दिवाळीनंतर पडतील. भातकापणी झाली, नागली घरात आली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. भिवंडी, वसई, ठाणे, कल्याण. पोरं सोबत जातात, शिमग्याला काही जण येऊन जातात, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलांचा माग ठेवायला राज्य सरकारनं अलीकडे संगणक प्रणालीही सुरू केली आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्या सहा महिन्यांत एखाद्या तीन वर्षांच्या पोराचं वजन उतरू लागलं आणि गावच्या अंगणवाडीत विचारलं, तर ती म्हणणार, ते इथे नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीत विचारलं, तर तिथली सेविका यादी चाळून सांगणार, या नावाचं मूल आमच्याकडे नाही.